बागेतील तळ्याचे खतव्यवस्थापन

बागेतील तळ्याचे खतव्यवस्थापन म्हणजे कमळ, कुमुदिनी इत्यादी जलवनस्पतींना पोषकद्रव्ये अशा रीतीने देणे, की ती मुळांपर्यंत पोहोचावीत. परंतु पाण्यात मिसळून शैवालाची वाढ होऊ नये.

== शास्त्रीय आधार ==
शैवालाला खरी मुळे नसतात. ते पाण्यात विरघळलेले नत्र व स्फुरद थेट शोषून घेते. कमळ व कुमुदिनी यांची मुळे मात्र तळाच्या मातीत असतात. गोड्या पाण्यात शैवालाची वाढ बहुधा स्फुरदाच्या प्रमाणावर अवलंबून असते. १९७३ मध्ये कॅनडातील ऑन्टॅरियो प्रांतात ‘२२६ क्रमांकाचे सरोवर’ पडद्याने दुभागण्यात आले. दोन्ही भागांत कार्बन व नत्र मिसळले गेले. स्फुरद केवळ एकात घातले गेले. तोच भाग नील-हरित शैवालाने व्यापला.

दाट शैवाल रात्री श्वसनासाठी प्राणवायू वापरते. त्यामुळे पहाटेच्या सुमारास पाण्यातील प्राणवायू घटून मासे मरू शकतात.

== खत देण्याची पद्धत ==
* कुंडीत चिकणमाती वापरतात. ती स्फुरद धरून ठेवते. हलकी, पालापाचोळ्याची माती पाण्यात तरंगते व पोषकद्रव्ये सोडते.
* सावकाश विरघळणाऱ्या खताच्या गोळ्या मातीत खोल खोचून वरचे छिद्र मातीने बुजवतात. मातीवर बारीक खडीचा थर देतात.
* शेणखत वापरायचे असल्यास ते पूर्ण कुजलेले असावे व कुंडीच्या तळाशी, मातीच्या जाड थराखाली घालावे. ताजे शेण पाण्यात कुजून प्राणवायू कमी करते.
* १९:१९:१९ सारखी विद्राव्य खते तळ्याच्या पाण्यात टाकू नयेत.
* नव्या कंदाला काही पाने फुटल्यावरच खत द्यावे. हिवाळ्यात कमळ सुप्तावस्थेत गेल्यावर खत बंद करावे.

== पूरक उपाय ==
पाण्याचा सुमारे अर्धा पृष्ठभाग पानांनी झाकलेला असल्यास शैवालाला सूर्यप्रकाश कमी मिळतो. माशांना लागेल तेवढेच खाद्य द्यावे, कारण उरलेले खाद्य व माशांची विष्ठा हेही खतच ठरते. पिवळी पाने वेळीच काढावीत. जलपर्णी पाण्यातील पोषकद्रव्ये वेगाने शोषते. मात्र ती नदी-ओढ्यांत पसरू देऊ नये.

शैवालनाशकाने शैवाल मरते, पण कुजताना त्यातील पोषकद्रव्ये पुन्हा पाण्यात मिसळतात. तंतुमय शैवाल हाताने वा जाळीने बाहेर काढल्यास ती तळ्याबाहेर जातात.