टाकीतलं गोडेतेल

दरवर्षी १० ऑगस्टला आपल्याकडे जागतिक जैवइंधन दिन साजरा होतो. २०१५पासून पेट्रोलियम मंत्रालय तो पाळतं, आणि त्या निमित्ताने निघणाऱ्या पत्रकांत एक गोष्ट हमखास असते: रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९३ साली शेंगदाण्याच्या तेलावर इंजिन चालवून दाखवलं. गोष्ट ऐकायला सुरेख आहे. फक्त ती घडलेली नाही.

१० ऑगस्ट १८९३ला ऑग्सबुर्गच्या यंत्र कारखान्यात जे झालं ते वेगळंच होतं. डिझेलचं पहिलं इंजिन तेव्हा स्वतःच्या बळावर फिरतही नव्हतं, ते बाहेरून फिरवावं लागलं. आत सोडलं होतं पेट्रोल. ठिणगी नसताना ते पेटलं, सिलिंडरमधला दाब अंदाजापलीकडे चढला आणि दाब मोजायला लावलेलं उपकरण फुटून त्याचे तुकडे उडाले. जवळ उभे असलेले थोडक्यात बचावले. डिझेलला मात्र हवं ते कळलं होतं. हवा पुरेशी दाबली की ती इतकी तापते की तिच्यात सोडलेलं इंधन आपोआप पेटतं. पुढे साडेतीन वर्षं खपून, फेब्रुवारी १८९७मध्ये त्याने म्युनिकच्या प्राध्यापक श्रोटर यांच्याकडून इंजिनाची रीतसर चाचणी करून घेतली. इंधनातल्या उष्णतेपैकी २६.२ टक्के कामी येते, असा निकाल निघाला. वाफेच्या इंजिनांना तेव्हा याच्या निम्म्याचीही मारामार होती. या यशस्वी इंजिनात जळत होतं रॉकेल. डिझेलच्या मूळ आराखड्यात तर कोळशाच्या भुकटीचाही विचार होता. शेंगदाण्याचा पत्ता अजून कुठेच नव्हता.

शेंगदाणा आला १९००मध्ये, पॅरिसच्या महाप्रदर्शनात, आणि तोही डिझेलने आणलेला नव्हे. ऑटो कंपनीने तिथे एक लहान डिझेल इंजिन मांडलं होतं. ते भुईमुगाच्या तेलावर चालवावं, ही सूचना फ्रेंच सरकारची. इंजिन मुळात खनिज तेलासाठी बांधलेलं होतं, त्यात काहीही फेरफार केला नाही. ते इतकं बिनबोभाट चाललं की आत काय जळतंय हे बघणाऱ्यांपैकी फारच थोड्यांच्या ध्यानात आलं.

फ्रेंच सरकारला ही लहर पर्यावरणाच्या काळजीपोटी आलेली नव्हती. त्याच्या आफ्रिकी वसाहतींत भुईमूग उदंड पिकत होता. तिथे यंत्रं चालवायची तर कोळसा नाहीतर तेल जहाजांनी न्यावं लागे. जागेवर पिकणाऱ्या शेंगांवरच इंजिन चाललं तर वसाहतीचा खर्च वसाहतीतच भागणार होता. हा सगळा हिशेब स्वतः डिझेलनेच १९१२ साली लंडनच्या यांत्रिक अभियंत्यांपुढे मांडला. दरम्यान त्याने आपणहूनही हे प्रयोग करून पाहिले होते. सेंट पीटर्सबर्गला एरंडेलावर इंजिन चालल्याचं आणि माशांच्या, प्राण्यांच्या तेलांवरही प्रयोग झाल्याचं त्याने सांगितलं. वनस्पतींच्या तेलांना आज फारशी किंमत नसली तरी पुढेमागे ती खनिज तेलाच्या बरोबरीला येतील, असं भाकीतही केलं. दीडएक वर्षाने, २९ सप्टेंबर १९१३च्या रात्री, अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या जहाजावरून तो नाहीसा झाला. आत्महत्या, अपघात की घातपात, यावर आजतागायत पुस्तकं निघत आहेत. त्या भाकिताभोवती दंतकथा वाढायला अशा मृत्यूने खतपाणीच घातलं असणार.

पुढच्या काळात खनिज तेल स्वस्त आणि मुबलक झालं. इंजिनं लहान झाली, वेगवान झाली. त्यांचे पंप आणि इंधनाचा फवारा मारणारे इंजेक्टर पातळ डिझेलच्या मापाने घडू लागले. इथूनच गोडेतेलाची खरी अडचण सुरू होते. खाद्यतेल डिझेलपेक्षा साधारण दहापट घट्ट. घट्ट तेलाचा बारीक तुषार होत नाही, थेंब मोठे राहतात, अर्धवट जळतात. इंजेक्टरच्या तोंडाशी कार्बन साठतो, पिस्टनच्या रिंगा चिकटतात, न जळलेलं तेल खाली झिरपून इंजिन ऑइलला गोंदासारखं करतं. पहिले काही दिवस गाडी झकास पळते, म्हणून माणूस फसतो.

यावरचा रासायनिक तोडगा पुन्हा एका वसाहतवाल्या देशातूनच निघाला. बेल्जियमच्या ताब्यातल्या काँगोत पामतेल अमाप होतं. ३१ ऑगस्ट १९३७ला ब्रुसेल्स विद्यापीठातल्या शावान यांना एक पेटंट मिळालं. तेलाच्या रेणूत ग्लिसरीनच्या एका दांडीला स्निग्धाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात. अल्कोहोल आणि उत्प्रेरक वापरून ती दांडी काढून टाकली की साखळ्या सुट्या होतात, तेल पातळ होतं आणि ग्लिसरीन तळाशी बसतं. ही प्रक्रिया रसायनशास्त्राला एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होती. तिचा उपयोग गाडीच्या टाकीसाठी करणं, ही शावान यांची नवी गोष्ट. १९३८मध्ये ब्रुसेल्स ते लूव्हेन या मार्गावर अशा पामतेलावर प्रवासी बस धावली. आज ज्याला बायोडिझेल म्हणतात त्याचं हे जन्मगाव. जैवइंधन दिनाला तारीख हवीच असेल तर ३१ ऑगस्टचा हक्क अधिक भक्कम आहे.

मग युद्ध आलं आणि जो तो आपापली तेलं चाचपू लागला. ब्राझीलने सरकीच्या तेलाची निर्यात बंद केली. भारतात लाल चंद वर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भुईमूग, करंज, एरंड, मोह, सरकी, तीळ, खोबरेल अशी देशी तेलं डिझेल इंजिनात जाळून पाहिली आणि १९४२ साली निष्कर्ष छापले. हेच वर्मन पुढे भारतीय मानक संस्थेचे पहिले संचालक झाले. युद्ध संपलं, डिझेल पुन्हा स्वस्तात मिळू लागलं, आणि हे काम बासनात गेलं. या कुळकथेत असं वारंवार होतं. टंचाईत कढईकडे नजर जाते, जहाज बंदरात लागलं की तिचा विसर पडतो.

१९७९मध्ये इराणमध्ये क्रांती झाली आणि दक्षिण आफ्रिकेचा तेलपुरवठा तुटला. वर्णद्वेषी राजवटीमुळे अरब देशांनी आधीच तेल नाकारलेलं. तिथल्या संशोधकांनी ट्रॅक्टरांसाठी सूर्यफुलाचं तेल घेतलं आणि शावान यांचीच वाट नव्याने चोखाळली. जर्मनीत लुडविग एल्सबेट यांनी उलट बाजूने विचार केला. तेल बदलण्याऐवजी त्यांनी इंजिनच असं बांधलं की ते शुद्ध वनस्पती तेल पचवेल.

आतापर्यंतच्या या सगळ्या कहाणीत तेल ताजं आहे, घाण्यावरून थेट टाकीत आलेलं. तळून झालेलं तेल फार उशिरा आलं, आणि त्याचं माहेर ऑस्ट्रियातलं ग्राट्स. तिथल्या विद्यापीठातले मार्टिन मिटेलबाख यांनी १९८०च्या दशकात उपाहारगृहांतल्या वापरलेल्या तेलापासून इंधन केलं आणि त्याच्या धुराच्या चाचण्या १९८८ साली प्रसिद्ध केल्या. १९९४पासून ग्राट्सच्या शहर बसगाड्या त्यावर धावू लागल्या. तळलेल्या तेलाची तऱ्हा निराळी असते. पदार्थातलं पाणी त्यात उतरतं, उष्णतेने सुटी आम्लं वाढतात. उत्प्रेरक म्हणून लागणारा कॉस्टिक सोडा बेताने घातला नाही तर इंधनाऐवजी साबण होतो. म्हणून प्रत्येक पिंपातल्या तेलाचा आम्लपणा आधी मोजावा लागतो. ताज्या तेलाला एक कृती पुरते, हॉटेलातल्या तेलाला दर वेळी नवी.

प्रयोगशाळेबाहेरच्या हौशी मंडळींनी हा रसायनाचा व्याप टाळून आणखी एक मार्ग धरला. तेल तसंच ठेवायचं, फक्त तापवून पातळ करायचं. गाडीला दोन टाक्या. सुरुवात साध्या डिझेलवर. इंजिन तापलं की रेडिएटरकडे जाणारं गरम पाणी तेलाच्या टाकीतून आणि फिल्टरमधून फिरवायचं, तेल सत्तर अंशांच्या आसपास आलं की खटका दाबून तिकडे वळायचं, आणि मुक्कामाच्या थोडं आधी पुन्हा डिझेलवर यायचं. नाहीतर नळ्यांत तेल थिजलं की दुसऱ्या दिवशी गाडी ढिम्म. या पंथाची लाडकी गाडी म्हणजे १९७६ ते १९८५ या काळातली मर्सिडीजची डब्ल्यू १२३, तिची डिझेल मॉडेलं. इंधन आधी एका लहान कोठीत पेटतं अशी तिची रचना, आणि बॉशचा दणकट पंप. ती काहीही गिळे. काही रोटरी पंप घट्ट तेलाच्या ओढीने मोडत, आणि आजची कॉमन रेल इंजिनं तर असला पाहुणचार अजिबात सहन करत नाहीत.

अमेरिकेत १९९७मध्ये जोशुआ टिकेल यांनी रंगवलेली एक व्हॅन देशभर फिरवली. वाटेतल्या उपाहारगृहांतून जुनं तेल घ्यायचं आणि मागे ओढत नेलेल्या यंत्रात त्याचं इंधन करायचं. हवाई बेटांतल्या माउईवर कारण आणखी रोखठोक होतं. कचराभूमीत येऊन पडणाऱ्या तळणाच्या तेलाचं करायचं काय, या प्रश्नातून बॉब किंग यांनी १९९६मध्ये बायोडिझेलचा कारखानाच काढला. आणि पॅसिफिक महासागरातल्या बूगनव्हिल बेटावर, नव्वदच्या दशकात पापुआ न्यू गिनीच्या सरकारने नाकेबंदी केल्यावर, बंडखोरांनी खोबरेलावर गाड्या चालवल्या. तिथे हे जमलं, कारण खोबरेल पातळ राहील इतकी उष्णता बारा महिने असते. थंडीत बाटलीतलं खोबरेल उन्हात ठेवणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

वेल्समधला प्रसंग मात्र या इतिहासातला सर्वांत गमतीचा. २००२मध्ये स्वॉन्झी-लानेल्ली भागात सुपरमार्केटमधल्या स्वस्त खाद्यतेलाचा खप अचानक वाढला. लोक एवढं तळतात तरी काय? ते तळत नव्हतेच. डिझेलपेक्षा तेल निम्म्याहून स्वस्त पडत होतं, म्हणून ते टाकीत ओतत होते. ब्रिटनमध्ये डिझेलवर लिटरमागे ४५ पेन्सहून जास्त कर होता, आणि रस्त्यावरच्या गाडीत जे जळेल ते कायद्याने इंधनच. अधिकारी रस्त्यात गाड्या थांबवून टाक्या तपासू लागले. संशय कसा घ्यायचा? धुराला बटाट्याच्या चिप्सचा वास येई. वर्तमानपत्रांनी या पथकाला तळणाशी कोटी करणारं नावही ठेवलं. पकडलेल्यांना दंड भरून गाड्या सोडवाव्या लागल्या. पाच वर्षांनी, २००७मध्ये, सरकारनेच पाय मागे घेतला आणि वर्षाला २,५०० लिटरपर्यंत स्वतः केलेलं वा वापरलेलं असं इंधन करमुक्त ठरवलं.

महाराष्ट्रात वडापावच्या गाड्या इतक्या, भजी इतकी, मग इथे हा छंद का फोफावला नाही? कारण सरळ आहे: आपल्याकडे जळकं तेल फुकट कधीच नव्हतं. अमेरिकेतला हॉटेलवाला ते नेण्यासाठी पदरचे पैसे मोजत असे. इथे मोठ्या स्वयंपाकघरातून बाहेर पडलेलं तेल लहान गाडीवाल्याकडे जाई आणि तिथल्या कढईत पुन्हा उकळे. देशाला लागणारं निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात होत असताना ते इंजिनात ओतण्याचा मोह कोणाला पडणार? म्हणून आपले प्रयोग अखाद्य तेलांवरच झाले. १९९९च्या सुमारास चंद्रपूरला लागून असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात, चालपडी या आदिवासी गावात, करंजाच्या तेलावर जनित्र चालवून दिवे लागले. त्यामागे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले उडुपी श्रीनिवास होते. सरकारने २००३नंतर मोगली एरंडाचा मोठा घाट घातला. पडीक जमिनीतून तेल निघेल ही आशा होती, पण पीक काही बोलल्याप्रमाणे आलं नाही.

वापरलेल्या तेलाकडे सरकारचं लक्ष गेलं ते गाड्यांमुळे नव्हे, पोटामुळे. तेल पुन्हापुन्हा तापलं की त्यात ध्रुवीय संयुगं वाढतात, आणि ती आरोग्याला घातक. १ जुलै २०१८पासून त्यांची मर्यादा २५ टक्के ठरली. त्याच वर्षी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने असं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्याचा ‘रुको’ हा उपक्रम सुरू केला, अर्थात १० ऑगस्टलाच. दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्यांना नोंदी ठेवणं बंधनकारक झालं. पुढच्या वर्षी तेल कंपन्यांनी १०० शहरांसाठी निविदा काढल्या आणि या बायोडिझेलला पहिल्या वर्षी लिटरला ५१ रुपयांचा भाव देऊ केला. म्हणजे इथे बायोडिझेलवाल्याची खरी चुरस भजीवाल्याशी आहे. जो जास्त भाव देईल, तेल त्याच्याकडे जाईल.

पश्चिमेत तोवर हवा पालटली होती. २००९च्या युरोपीय कायद्यानुसार कचऱ्यापासून केलेलं इंधन हिशेबात दुप्पट धरलं जाऊ लागलं, आणि जुन्या तेलाचा भाव असा चढला की कधीकधी ताजं पामतेल त्याहून स्वस्त. मग ताज्यालाच जुनं म्हणून विकण्याचे आरोप सुरू झाले. अमेरिकेत हॉटेलांच्या मागच्या पिंपांतून तेल चोरीला जाऊ लागलं. नॉर्थ कॅरोलायना राज्याने तर २०१२मध्ये यासाठी वेगळा कायदाच केला. सिम्प्सन्स या व्यंगमालिकेतला होमर तेल चोरून विकायला निघतो तो भाग १९९८चा आहे. तेव्हा तो निव्वळ विनोद होता.

आता या पिंपांवर विमान कंपन्यांचा डोळा आहे. केएलएमने २०११मध्ये ॲमस्टरडॅम-पॅरिस फेरीत तळलेल्या तेलापासून केलेलं इंधन मिसळलं. २८ नोव्हेंबर २०२३ला व्हर्जिन अटलांटिकचं विमान लंडनहून न्यूयॉर्कला गेलं ते खनिज इंधनाचा थेंबही न घेता, आणि त्या इंधनाचा मोठा वाटा टाकाऊ चरबी-तेलांचा होता. भारतानेही आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७पासून एक टक्का असं इंधन मिसळण्याचं लक्ष्य ठेवलं आहे. दोन टाक्यांची जुनी मर्सिडीज बाळगणारा आज हॉटेलच्या मागच्या दारी गेला, तर त्याच्या आधी कंत्राटदाराचा टँकर उभा असतो आणि पिंपाला कुलूप असतं.