एक फीत आणि अनेक वाटेकरी

भावाभावांत शेताच्या वाटण्या होतात, नवे बांध पडतात, घरांतहि मधें भिंत उभी राहते. विहिरीची मात्र वाटणी होत नाहीं. तिच्या पाण्याच्या पाळ्या ठरतात, आणि तंटा व्हावयाचा तो पाळीवरूनच होतो. गणकयंत्रांच्या इतिहासांत विहिरीची ही जागा चुंबकीय फितीच्या यंत्रास, म्हणजे टेप-ड्राइव्हला, मिळालेली आहे.

१९५२ सालीं अमेरिकेंतील आय. बी. एम. कंपनीनें आपल्या ७०१ या गणकयंत्राबरोबर ७२६ क्रमांकाचें फीतयंत्र पुढें आणलें. फितीची रुंदी अर्धा इंच. जड रिळें झटकन सुटत नाहींत व झटकन थांबतहि नाहींत. फितीस तर क्षणोक्षणीं थांबावें लागे. म्हणून रिळाजवळच्या उभ्या पोकळींतील हवा शोषून तींत फितीचें सैल वेटोळें धरून ठेवण्याची युक्ति काढण्यांत आली. त्या काळीं एक यंत्र एका वेळीं एकच काम करी; वाटेकरी कोणी नव्हताच.

वाटेकरी आले ते मागाहून. १९७२ सालच्या व्ही. एम. ३७० या प्रणालीनें एकाच यंत्राच्या पोटांत अनेक आभासी यंत्रें उभीं केलीं. डिस्कचे तुकडे पाडून प्रत्येकास एकेक देतां आला, कारण डिस्क वहीसारखी असते; कोणतेंहि पान केव्हांहि उघडावें. फितीचें तसें नाहीं. ती जन्मपत्रिकेच्या गुंडाळीसारखी एका टोकापासून उलगडावी लागते, आणि तिच्यावर लिहिण्यावाचण्याची जागा कोणत्याहि क्षणीं एकच असते. तेव्हां यंत्रचालक फीतयंत्र एका आभासी यंत्रास जोडून देई व काम उरकलें कीं सोडवून दुसऱ्यास देई. अर्थात् पाळीच.

१९८८ सालीं याच कंपनीच्या ३०९० या मोठ्या यंत्रांत विभागणीचें काम यंत्राच्या अंगांतच घालण्यांत आलें. या विभागांना ‘लॉजिकल पार्टिशन’ म्हणतात. प्रत्येक विभागास आपण स्वतंत्र, संपूर्ण यंत्र आहों असें वाटतें. हेंच या रचनेचें यश, आणि संकटाचें मूळहि हेंच. कारण शेजाऱ्याच्या हातीं आतां फीत आहे हें त्यास आपण होऊन कळण्यास मार्ग नाहीं.

श्रोत्यांनीं अशी कल्पना करावी कीं, एक विभाग रात्रीं दिवसभराच्या हिशेबाची प्रत फितीवर उतरवीत आहे. रक्षणाची तजवीज नसलेल्या जोडणींत दुसरा विभाग त्याच वेळीं सुरू झाला, आणि त्यानें दिलेल्या इशाऱ्यानें फीत गुंडाळून आरंभास गेली. पहिला विभाग आहे त्याच जागीं लिहीत आहों अशा समजुतीनें पुढें लिहूं लागला, तर आरंभींचा मजकूर जातोच. शिवाय फितीवर जेथें शेवटचें लिखाण संपतें तेथेंच नवी समाप्ति ठरत असल्यामुळें पुढचें उरलेलेंहि वाचतां येईनासें होतें. आणि हा घात त्या रात्रीं कळत नाहीं. कांहीं महिन्यांनीं मूळ हिशेब नासला, म्हणजे प्रत शोधण्याची वेळ येते आणि तेव्हां कळतो.

यावर उपाय म्हणजे फीतयंत्रालाच आपला धनी ओळखावयास लावणें. एकानें ताबा घेतला कीं दुसऱ्याची आज्ञा यंत्र नाकारूं लागलें. पण कुलूप आलें कीं किल्ली हरवण्याचा प्रश्नहि आला. ताबा घेतलेला विभागच मध्येंच बंद पडला, तर यंत्र मोकळें असून कोणाच्याच उपयोगाचें नाहीं. ताबा बाहेरून सोडवावा लागे, आणि धनी खरोखर मेला आहे कीं नुसता स्वस्थ बसला आहे, हें सोडवणाऱ्यानें आधीं पारखून घ्यावें लागे.

२००१ सालीं याच कंपनीच्या पी-६९० या युनिक्स सर्व्हरमध्यें विभाग आले, आणि पुढच्याच वर्षीं ए. आय. एक्स. प्रणालीच्या ५.२ या आवृत्तीनें चालू यंत्र न थांबवितां सामग्री एका विभागांतून दुसऱ्यांत नेण्याची सोय केली. येथें एक गंमत होती. हलवावयाचें तें फीतयंत्र नव्हे, तर तें ज्या कार्डास जोडलें असेल तें सबंध कार्ड. त्याच कार्डावर विभागाची मुख्य डिस्क असली, तर फीत जन्मभर त्याच घरची! म्हणून जाणते लोक फीतयंत्रास आरंभापासूनच स्वतंत्र कार्ड देत.

दरम्यान १९९७ च्या सुमारास निराळीच वाट निघाली होती. ‘व्हर्च्युअल टेप सर्व्हर’ नांवाच्या यंत्रानें ३२ फीतयंत्रांचें सोंग घेतलें. ज्यानें त्यानें आपल्या काल्पनिक फितीवर खुशाल लिहावें. लिहिलेलें सारें आधीं डिस्कवर सांठे, आणि मागाहून तें सवडीनें खऱ्या फितीवर उतरे. विभागांची रांग संपली. पडद्यामागें मात्र थोडींशींच खरीं फीतयंत्रें होतीं, आणि त्यांच्यावर एका वेळीं एकच फीत चढे.