गळ्यातला कैसर

आमच्या नानीकडे पुतळ्यांची माळ होती. लाल गोफात ओवलेल्या एकवीस पुतळ्या. ईदला किंवा घरातल्या एखाद्या निकाहला ती पेटीतून बाहेर निघायची. मी तिच्या मांडीवर बसून एकेक पुतळी बोटाने चाचपायचे. त्यावर दोन माणसं, मध्ये काठीसारखं काहीतरी आणि कडेने न वाचता येणारी अक्षरं. "नानी, हे कोण?" मी विचारायचे. "असतील कोणी बादशाह," ती म्हणायची, "बादशाह गेले, सोनं राहिलं."

नानी गेल्यावर माळ तिच्या तीन मुलींच्या वाट्याला आली. सराफाने काट्यावर टाकली, वजन सांगितलं आणि आटवून बांगड्या करून दिल्या. अम्मीने तेवढी एक पुतळी हट्टाने मागून घेतली. ती आता माझ्याकडे आहे.

यंदा माझ्या मुलीचा निकाह ठरला म्हणून सराफाकडे गेले. ती पुतळी दाखवली. तो म्हणाला, "मॅडम, हिचं वजन ते किती? नव्या सेटमध्ये घालून टाका." मग त्याने मोबाईलवर एक फोटो दाखवला. जाड सोन्याची साखळी, मध्ये जाड कडं आणि कड्यात एक जुनं नाणं. नाण्यावर कुरळ्या केसांचा एक माणूस, बाजूने काढलेला चेहरा. "हल्ली हे चालतं. इटलीचं डिझाईन. रोमचा राजा आहे म्हणे. असंच बनवून देतो."

एक जुनं नाणं आटवायचं आणि दुसऱ्या जुन्या नाण्याची नक्कल करायची! मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. घरी येऊन जुनी टिपणं काढली. त्यातून हा लेख झाला.

सराफाने दाखवलेली ती पद्धत रोममधल्या बुल्गारी या पेढीने जगभर नेली. सोतिरिओ बुल्गारी हा ग्रीक चांदीकाम करणारा कारागीर. १८८४ साली त्याने रोममध्ये दुकान थाटलं. १९६०च्या दशकात याच पेढीने प्राचीन ग्रीक-रोमन नाणी आधुनिक सोन्यात बसवायला सुरुवात केली. त्याआधी एकोणिसाव्या शतकात रोममधल्याच कास्तेलानी घराण्याने प्राचीन दागिन्यांच्या धाटणीचे दागिने घडवले होते, त्यातही जुनी नाणी असत. बुल्गारीच्या दागिन्यांत मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, नाण्याला भोक पाडत नाहीत, डाग देत नाहीत; सोन्याच्या कड्यात ते नुसतं धरून ठेवतात. दुसरी, दागिन्याच्या मागच्या बाजूला ते नाणं कोणाचं आणि कुठल्या काळातलं, हे कोरलेलं असतं. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

पण नाणं गळ्यात घालायची कल्पना बुल्गारीची नाही, ती खुद्द रोमनांची. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पोम्पोनियस नावाचा रोमन कायदेपंडित होऊन गेला. मृत्युपत्राने एखाद्याला वस्तूची मालकी न देता फक्त वापराचा हक्क देता येतो का, या चर्चेत तो जुन्या सोन्या-चांदीच्या नाण्यांचा उल्लेख करतो. लोक ही नाणी रत्नांसारखी दागिन्यात वापरतात, म्हणून त्यांच्या वापराचा हक्क देता येतो, असं त्याचं म्हणणं. विचार करा, साधं नाणं वापरायचं म्हणजे खर्च करायचं, म्हणजेच ते हातातून जाणार. दागिन्यातलं नाणं मात्र वापरूनही शिल्लक राहतं. तो 'जुनी' नाणी म्हणतो, हेही पाहण्यासारखं आहे. म्हणजे अठराशे वर्षांपूर्वीच्या रोमन बाईलाही आजीच्या काळातलं नाणं गळ्यात हवं होतं.

पुढे तिसऱ्या शतकापासून जाळीदार सोन्याच्या चौकटीत बसवलेली सम्राटांची नाणी रोमन दागिन्यांत बरीच दिसू लागतात. इंग्लंडमध्ये सफोक परगण्यातल्या हॉक्सन गावी १९९२ साली एक मोठा रोमन खजिना सापडला. त्यात खांद्यावरून आणि काखेखालून घ्यायची एक नाजूक सोनसाखळी आहे. तिच्या एका जोडावर ग्रेशियन या सम्राटाचं सोन्याचं नाणं चौकटीत बसवलेलं आहे. ग्रेशियनची कारकीर्द ३६७ ते ३८३. आज ती साखळी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

त्याच संग्रहालयात विल्टन क्रॉस नावाचं सातव्या शतकातलं एक पदक आहे. हेही इंग्लंडचंच, नॉर्फक परगण्यातलं. सोन्याचा क्रूस, त्यात लाल तामड्याचे खडे आणि मधोमध हेराक्लियस सम्राटाचं नाणं. नाणं उलटं बसवलेलं आहे! पाहणाऱ्याला उलटं दिसतं. पण घालणारीने मान खाली घालून पाहिलं की तिला सुलटं दिसतं. दागिना लोकांसाठी असतो असं आपण म्हणतो. त्या कारागिराने मात्र तो घालणारीसाठी केला असावा.

हेराक्लियस म्हणजे आपला हिरक्ल, रूमचा कैसर. सीरतची पुस्तकं वाचलेल्यांना हे नाव नवं नाही. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी ज्या राज्यकर्त्यांना पत्रं पाठवली, त्यांत परंपरेने हिरक्लचं नाव येतं. त्याची कारकीर्द ६१० ते ६४१. त्याच्या काळात हिजाजच्या व्यापाऱ्यांकडे जे सोन्याचं चलन होतं, ते रूमचंच. म्हणजे एकाच कैसरचं सोनं तिकडे इंग्लंडमध्ये एका बाईच्या क्रूसात बसलं आणि इकडे अरबस्तानात बाजारात चाललं.

वर्गात मी दरवर्षी विचारते, "दीनार हा शब्द कोणत्या भाषेतला?" सगळी मुलं एका सुरात सांगतात, "अरबी!" मग मी फळ्यावर लिहिते : देनारियस. हे रोमन नाणं मुळात चांदीचं. त्याचं नाव ग्रीकमधून पूर्वेकडे आलं आणि सोन्याच्या नाण्याला चिकटलं. आले इमरानमध्ये दीनार आहे, सूरह यूसुफमध्ये दिरहम आहे, आणि दिरहमचं मूळ ग्रीक द्राख्मा. संस्कृतातही दीनार आहे. गुप्तकाळातल्या सोन्याच्या नाण्याला तेच नाव होतं. मुलं जरा गोंधळतात. गोंधळू द्यावीत. शब्दांना पासपोर्ट लागत नाही, हे कळायला थोडा गोंधळ आवश्यक असतो.

पुढे उमय्या खलिफा अब्दुल मलिक यांनी आपलं चलन सुरू केलं. पहिली नाणी हेराक्लियसच्या नाण्यासारखीच होती, फक्त त्यावरच्या क्रूसाची आडवी दांडी काढून टाकलेली. मग काही वर्षं खलिफाची उभी आकृती आली. शेवटी हिजरी ७७ मध्ये, म्हणजे इसवी सन ६९६-९७ला, चित्र गेलं आणि फक्त अक्षरं राहिली. वजन ठरलं सुमारे सव्वाचार ग्रॅम. जकातीचा सोन्याचा निसाब वीस दीनार सांगतात, तो याच मापाचा. आपल्याकडे तो साडेसात तोळे म्हणून मोजतात. दरवर्षी रमजानमध्ये बायका घरातलं सोनं मोजायला बसतात, तेव्हा एका रोमन नाण्याचं नाव घेऊन हिशोब करत असतात.

आता आपल्या देशाकडे येऊ. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी तक्रार करतो, की हिंदुस्थान दरवर्षी आमच्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो. हा पैसा मिरी, मोती, मलमल यांवर जात होता. त्याच शतकात एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये आपलं पैठण आहे आणि तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेरही आहे. तिथला माल गाड्यांवर लादून भडोचला जायचा. भडोचच्या बंदरात सोन्या-चांदीची रोमन नाणी स्थानिक पैशांत बदलली तर नफा होतो, असंही तो सांगतो.

ही नाणी दक्षिण भारतात हंड्याच्या हंड्या सापडली आहेत. तमिळनाडूत पुदुक्कोट्टईला १८९८ साली सोन्याची ५०१ नाणी मिळाली. त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा घाव घातलेला आहे. हे नाणं आता चलन नाही, नुसतं सोनं आहे, असं दाखवायला तो घाव घातला असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. दुसरीकडे काही नाण्यांना आणि त्यांच्या नकलांना सम्राटाच्या डोक्याच्या वर दोन भोकं पाडलेली आहेत. दोऱ्यात ओवल्यावर चेहरा सरळ राहावा म्हणून! म्हणजे कोणी कैसरच्या तोंडावर घाव घातला, कोणी त्याला गळ्यात घातलं. सोनं तेच, हेतू वेगळा.

आणि ज्यांना सोनं परवडत नव्हतं त्यांनी? त्यांनी मातीत ठसा घेतला. तेर आणि तेलंगणातलं कोंडापूर इथे रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला मिळाल्या आहेत. टायबेरियस सम्राटाच्या नाण्यावरून केलेल्या, भाजलेल्या, गळ्यात घालायची सोय असलेल्या. काहींना वरून सोन्याचा पातळ पत्रा लावत असावेत, असा कयास आहे. तेर म्हणजे गोरोबा कुंभारांचं गाव. गोरोबांच्या हजारेक वर्षं आधी तिथल्याच मातीत कोणीतरी रोमचा कैसर घडवत होतं! आजच्या भाषेत आपण त्याला इमिटेशन ज्वेलरी म्हणू. सराफ मला जे देऊ करत होता, त्याचा धंदा दख्खनमध्ये दोन हजार वर्षं जुना आहे.

नानीची पुतळीही याच वाटेवरची. व्हेनिस शहराने १२८४ साली डुकाट नावाचं सोन्याचं नाणं काढलं, साधारण साडेतीन ग्रॅमचं आणि जवळपास शुद्ध सोन्याचं. एका बाजूला संत मार्क आणि त्याच्यासमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, दोघांच्या मध्ये निशाणाची काठी. मिसरच्या सुलतान अल-अशरफ बरस्बाय यांनी १४२५ साली त्याच्या तोडीचं नाणं काढलं, तीच अशरफी. डुकाट हिंदुस्थानात आलं तेव्हा मराठी माणसाने त्यावरच्या आकृती पाहून त्याला पुतळी म्हटलं आणि माळेत ओवलं. मग मागणी वाढली तशा इथल्या सोनारांनी नकला पाडल्या. माझ्याकडच्या पुतळीवरच्या अक्षरांच्या नुसत्या रेघा झालेल्या आहेत. पाडणाऱ्याला लिपी येत नव्हती, हे सरळ दिसतं. म्हणजे नानीचे बादशाह इथल्याच कुठल्या तरी सोनाराच्या हातचे.

आता उरला प्रश्न, अस्सल रोमन नाणं विकत घेऊन दागिन्यात बसवावं का? बसवण्याला माझा विरोध नाही. जे आटवलं गेलं नाही, ते पुष्कळदा कोणाच्या तरी गळ्यात होतं म्हणूनच वाचलं. पण प्रत्येक जुनं नाणं कुठल्या तरी मातीतून येतं. कुठल्या थरात, कशाच्या शेजारी होतं, हे नोंदवून काढलं तर ते बोलतं. रात्री चोरून उकरलं तर ते मुकं होतं आणि कुठल्याही सोन्याच्या चौकटीने त्याला वाचा फुटत नाही. आपल्याकडे जमिनीत सापडलेल्या गुप्तधनाची खबर सरकारला द्यावी लागते, असा कायदा १८७८पासून आहे. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि देशाबाहेर नेता येत नाही. म्हणून कोणी 'ओरिजिनल रोमन कॉइन' म्हणून लॉकेट दाखवलं, तर भाव विचारण्याआधी एवढंच विचारावं : हे आलं कुठून? कागद आहे का? उत्तर नसेल तर दोनच शक्यता उरतात, एक तर ते खोटं आहे किंवा चोरीचं.

हाच प्रश्न मी स्वतःलाही विचारला. नानीच्या माळेतल्या वीस पुतळ्या कुठे गेल्या? आम्हीच आटवल्या. कोणी चोर आला नव्हता. त्यातली एखादी अस्सल व्हेनिसची होती का, नानीच्या अम्मीकडून आली होती का, आता सांगायला कोणी नाही. सराफाने वजन लिहून दिलं होतं, नाव कोणीच लिहिलं नाही.

म्हणून गेल्या आठवड्यात पुन्हा सराफाकडे गेले. त्याला सांगितलं, पुतळी आटवायची नाही, तिला नवा डागही द्यायचा नाही. साधं कडं करा, त्यात ती दोन्ही बाजूंनी दिसेल अशी बसवा. आणि कड्याच्या कडेला बारीक अक्षरांत नानीचं नाव कोरा. तो म्हणाला, "मॅडम, मागच्या बाजूला कोण वाचतंय?"

मी म्हटलं, "माझी नात वाचेल."

त्याने चिठ्ठीवर नाव लिहून घेतलं. उर्दूत लिहू की मराठीत, असंही विचारलं. मी दोन्ही लिहून दिलं.