लहान घर (नागरा, जि. गोंदिया)

लहान घर : एका कुटुंबाच्या कायम वस्तीसाठी बांधलेले, साधारण ४०० चौ. फुटांच्या आतले स्वतंत्र घर. ही मर्यादा अमेरिकेतील निवासी बांधकामाच्या आदर्श संहितेवरून घेतली आहे. तिच्या २०१८ च्या आवृत्तीत लघुगृहांसाठी स्वतंत्र परिशिष्ट असून पोटमाळा वगळून ४०० चौ. फूट ही कमाल मर्यादा त्यात दिली आहे. या मापाने प्रधानमंत्री आवास योजनेतील (ग्रामीण) २५ चौ. मीटर म्हणजे २६९ चौ. फुटांचे घरकुल सहज लघुगृहात बसते, आणि लघुगृहांची मोठी वस्ती शोधायला परदेशी जाण्याची गरज उरत नाही. नागरा हे गोंदिया शहराजवळचे, बालाघाटच्या बाजूचे गाव. प्राचीन शिवमंदिर आणि महाशिवरात्रीची यात्रा यांमुळे ते परिचित आहे. मंदिराचा विचार येथे केलेला नाही. शहरालगतच्या गावात जागेची किंमत शेतीवरून नव्हे, शहरावरून ठरते. त्यामुळे गावठाणातले जुने घर आणि विकत घेतलेल्या तुकड्यावरचे नवे घर यांतला फरक अशा गावांच्या संदर्भात अधिक नीट कळतो. हा फरक भिंतीच्या आत फारसा नाही. लहान घरात सुखाने राहता येते की नाही हे छपराखालच्या क्षेत्रफळापेक्षा भोवतीच्या मोकळ्या जागेवर अधिक ठरते, असे या नोंदीचे प्रतिपादन आहे. शासकीय कागदात मात्र मोजले जाते ते छपराखालचेच क्षेत्र.

जुनी रचना : भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या पूर्व भागाला झाडीपट्टी म्हणतात. येथील शेतकऱ्याचे साधे घरही खोल्यांच्या हिशेबाने लहानच असे. पुढे सपरी (ओसरी), आत एक-दोन अंधाऱ्या खोल्या, एका अंगाला गुरांचा कोठा आणि मागे सांदवाडी (परस). भिंती मातीच्या किंवा कुडाच्या, छप्पर लाकूड-बांबूवर कवेलूंचे. सपरीत माणसे बसत, अंगणात धान वाळे, एप्रिलात मोहफुले पसरली जात, सांदवाडीत वालाचा वेल आणि भाजीपाला असे, उन्हाळ्यात खाटा बाहेर पडत. खोलीचे काम जेमतेम तीन गोष्टींपुरते होते : धान्य राखणे, पावसात आडोसा देणे आणि चूल. घर लहान होते असे म्हणण्यापेक्षा घराचा थोडाच भाग छपराखाली होता, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

घरकुलाचे माप व पैसा : इंदिरा आवास योजना १९८५-८६ मध्ये सुरू झाली आणि १९९६ पासून ती स्वतंत्र योजना म्हणून चालली. तिच्यातील घराचे किमान क्षेत्र २० चौ. मीटर होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये तिच्या जागी आलेल्या आवास योजनेने ते २५ चौ. मीटर केले व त्यात स्वयंपाकाची स्वच्छ जागा धरली. अर्थसाहाय्य सपाट प्रदेशात १ लाख २० हजार, तर डोंगराळ, दुर्गम व नक्षलग्रस्त भागात १ लाख ३० हजार रुपये आहे. या रकमेत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. रोजगार हमीतून ९० ते ९५ दिवसांची अकुशल मजुरी व शौचालयासाठी १२ हजार रुपये वेगळे मिळतात. वरच्या दराने भागाकार केला तरी चौरस फुटामागे सुमारे ४८३ रुपये पडतात. इतक्यात विटा, सिमेंट, लोखंड आणि स्लॅब बसत नाही, हे गावातला कोणताही गवंडी सांगेल. उरलेला खर्च कुटुंब बचतीतून, दागिन्यांतून किंवा उसनवारीतून भागवते. राज्य शासनाने योजनेच्या दुसऱ्या टप्प्यासाठी २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ५० हजारांची वाढ जाहीर केली आणि घरकुलासाठी पाच ब्रासपर्यंत रेती मोफत देण्याचे धोरण आखले. हप्ता सुटण्यापूर्वी प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र स्थाननोंदीसह चढवावे लागते. ठेकेदाराकडून घर बांधून घेण्यास योजनेत मज्जाव आहे, लाभार्थ्यानेच ते उभे करायचे. या अटीचे श्रेय योजनेला दिले पाहिजे, कारण लहान घरात दार कुठे आणि चूल कुठे हा निर्णय राहणाऱ्याच्याच हाती असावा लागतो. ग्रामीण विकास मंत्रालयाने ‘पहल’ या संग्रहात राज्याराज्यांच्या हवामानानुसार घरांचे नमुने छापले आहेत. प्रत्यक्षात मात्र बहुतेक ठिकाणी चौकोनी, सपाट स्लॅबचे एकसारखे घर उभे राहते.

२५ चौ. मीटर हे बाहेरून मोजले तर आतली जागा आणखी घटते. पाच मीटर बाय पाच मीटरच्या घराला चारही बाजूंनी नऊ इंची भिंत धरली की आत साधारण २२० चौ. फूट उरतात, मधली भिंत वेगळीच. वीस क्विंटल धानाला सुमारे साडेतीन घनमीटर जागा लागते. कट्टे छातीइतके रचले तरी चालण्याच्या वाटेसह ३०-३५ चौ. फूट, म्हणजे घराचा सातवा हिस्सा त्यांतच जातो. शिवाय मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा दिवसभर तापलेला स्लॅब रात्री आत उष्णता सोडत राहतो. या दोन अडचणींवर जुन्या घराकडे बाहेरचीच उत्तरे होती : अंगण आणि खाट. नव्या घराला ती मिळतात की नाही हे भूखंडावर अवलंबून आहे, आणि भूखंडाच्या किमान मापाबद्दल घरकुलाचा निकष गप्प आहे. ज्यांना जागाच नाही त्यांच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसाहाय्य योजना आहे. तिचा हिशेब ५०० चौ. फुटांपर्यंतच्या जागेचा आहे. वीस फूट बाय पंचवीस फुटांच्या अशा तुकड्यावर घर मधोमध बांधले तर दोन्ही बाजूंना पावणेदोन फुटांच्या आणि पुढे-मागे सव्वाचार फुटांच्या पट्ट्या राहतात. २३१ चौ. फूट मोकळे असूनही त्यांत धान वाळत नाही की चार माणसांच्या खाटा एकत्र पडत नाहीत. तेच घर मागच्या हद्दीला सरकवले तर पुढे साडेआठ फूट रुंद, सुमारे १७० चौ. फुटांचे सलग अंगण मिळते. खर्च तोच, क्षेत्रफळ तेच. मागच्या शेजाऱ्याची संमती, त्या बाजूची खिडकी आणि छपराच्या पाण्याचा निचरा हे प्रश्न मात्र आधी सोडवावे लागतात.

मुंबईशी तुलना : झोपडपट्टी पुनर्वसनातील सदनिकाही काही वर्षे २६९ चौ. फुटांचीच होती, आधी ती २२५ होती, पुढे ३०० झाली. बीडीडी चाळींतील खोली १६० चौ. फुटांची. चाळीत खोलीबाहेर सामायिक जागा होती, म्हणून ती सोसली गेली.

स्वेच्छेचे लहानपण : लहान घराचे आजचे आकर्षण प्रामुख्याने अमेरिकेतून आले आहे. तिथे हेन्री डेव्हिड थोरोने १८४५ मध्ये वॉल्डन तळ्याकाठी दहा फूट बाय पंधरा फुटांची झोपडी सव्वाअठ्ठावीस डॉलरांच्या आत बांधली; जे शेफरने १९९९ मध्ये शंभर चौ. फुटांहून लहान घर बांधून या चळवळीला चेहरा दिला. कर्ज नको, वस्तूंचा पसारा नको, वीज-पाण्याचे बिल कमी, हा त्यामागचा विचार. विदर्भाला तो नवा नाही. सेवाग्रामला १९३६ पासून उभ्या राहिलेल्या कुट्या माती, बांबू, लाकूड आणि कवेलूंच्या आहेत. मूळची मीराबेनची आणि पुढे वाढवलेली बापू कुटी आजही पाहता येते. तिच्या खोल्यांइतकेच तिचे व्हरांडे महत्त्वाचे आहेत, ही गोष्ट तिच्या साधेपणाचे गुणगान करणारे बहुधा विसरतात. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने शंकूच्या आकाराची भाजलेल्या मातीची कवेलू एकात एक गुंफून कमानीचे छप्पर घडवण्याची पद्धत विकसित केली. लाकूड व लोखंड वाचवणारे हे तंत्र घरकुलांत रुजले नाही. त्याचे एक कारण उघड आहे : स्लॅबला गावात प्रतिष्ठा आहे, मातीला नाही.

आक्षेप : पहिला आक्षेप असा की लहान घराचे कौतुक हा पोट भरलेल्यांचा छंद आहे, घरकुलातले कुटुंब लहान घर निवडत नाही, ते त्याच्या वाट्याला येते. हे खरे आहे. थोरो एकटा होता आणि दोन वर्षे दोन महिन्यांनी निघून गेला. घरकुलात चार-पाच माणसे जन्मभर राहतात. तरीही घरकुलाचे आकर्षण खोटे ठरत नाही. दर पावसाळ्याआधीची शाकारणी, माकडांनी फोडलेली कवेलू, ओलीने खचलेली भिंत, सापाविंचवाची भीती यांतून सुटका होणे ही मोठी गोष्ट आहे. लोकांना हवे असते ते पक्केपण. लहानपण ते त्याच्यासोबत पत्करतात. दुसरा आक्षेप : आता मळणी यंत्राने होते, धान थेट आधारभूत केंद्रावर जाते, बैल कमी झाले, मग अंगण कशाला? हा निम्मा मान्य करावा लागतो. कोठ्याची गरज अनेक घरांत खरोखर संपली आहे. पण वर्षाचा खाण्याचा तांदूळ, बियाणे, सरपण, दुचाकी, धुणे आणि मेमधली रात्र यांना अजून जागा लागतेच, आणि गॅस आला तरी बाहेरची चूल बऱ्याच घरांतून गेलेली नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : किमान भूखंडाची अट घातली तर ज्याच्याजवळ काहीच जागा नाही, तोच योजनेबाहेर पडेल. म्हणून अशी अट घालावी असे येथे सुचवलेले नाही. घरासोबत भूखंडाचे मापही मंजुरीच्या कागदावर यावे आणि पायाची आखणी करण्यापूर्वी अभियंत्याने घर कोणत्या हद्दीला ठेवायचे हे कुटुंबाशी बोलून ठरवावे, एवढे केले तरी पुरे. याला वेगळा निधी लागत नाही. स्थाननोंदीचे छायाचित्र काढायला माणूस जागेवर जातोच. हे बोलणे जोत्याआधीच्या फेरीतच झाले पाहिजे.

पाणी व सांडपाणी : नहाणीचे पाणी सांदवाडीत मुरत असे, ५०० चौ. फुटांच्या जागेत शोषखड्डा व शौचालयाचा खड्डा यांत पुरेसे अंतर राखणे कठीण जाते.

चाकांवरची घरे : या भागात प्रचलित नाहीत.

वाढीव बांधकाम : २५ चौ. मीटर ही किमान मर्यादा असल्याने कुटुंब स्वखर्चाने खोली वाढवू शकते. सामान्यतः आधी पुढच्या बाजूला टिनाची सपरी उतरते आणि पैसा हाती आल्यावर तिला भिंती येतात. स्लॅबवर दुसरा मजला चढवायचा असेल तर पाया व कॉलम सुरुवातीलाच त्या भाराचे धरावे लागतात.