कानाने आलेली श्रद्धा

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण पांडवप्रतापातल्या कितीतरी ओव्या तिला पाठ होत्या. श्रावणात शेजारच्या काकू पोथी वाचायच्या आणि आजी वाती वळत ऐकायची. तिची सगळी श्रद्धा अशी कानाने आत आलेली. परवा ख्रिस्तपुराण वाचायला घेतलं आणि आजीच आठवली.

श्रद्धा ऐकण्यातून येते, असं संत पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात म्हटलं आहे. म्हणजे सांगणारा हवाच, पण ऐकणाऱ्याच्या मनाला भिडेल अशी भाषाही हवी. फादर थॉमस स्टीफन्सना हे उमगलं होतं. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये तिकडेच वारला. त्याच्या आयुष्याची बरीच वर्षं गोव्यातल्या साष्टीत गेली.

ती साष्टी कशी होती? १५६७ मध्ये तिथली देवळं पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना मारलं. मग पोर्तुगीजांनी गावच्या म्होरक्यांना बोलणी करायला म्हणून बोलावलं आणि ठार केलं. अशा ठिकाणी प्रवचन करायचं!

ख्रिस्तपुराणाच्या सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीबाबांना विचारतो, की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? मला हा प्रश्न फार खरा वाटतो. देव बदलला होता, पण संध्याकाळी चार माणसांत बसून ऐकायची सवय कुठे जाणार? स्टीफन्सनी उत्तर म्हणून सुमारे अकरा हजार ओव्या लिहिल्या, मराठीत, मधूनमधून कोकणी शब्द घालून. आदामापासून येशूपर्यंतची सगळी कथा. १६१६ मध्ये राचोलला ती रोमन लिपीत छापली गेली आणि रविवारी, सणावारी चर्चमध्ये मोठ्याने वाचली जाऊ लागली.

पुढची गंमत बघा. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला, की तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायचं. सतराव्या शतकातल्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज कुठे असल्याचं माहीत नाही. तरी पुराण टिकलं, कारण लोकांनी ते हाताने उतरवून ठेवलं. अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरला ते पुन्हा छापलं.

आता कुणी म्हणेल, जिथे आधी देऊळ पाडलं, तिथल्या ऐकण्याला श्रद्धा कसं म्हणायचं? हा प्रश्न मलाही सुटलेला नाही. स्टीफन्स चांगला माणूस असला तरी त्याच्यामागे सत्ता उभी होती, हे विसरता येत नाही. पण धाकाने माणसं चर्चमध्ये आणून बसवता येतात. घरी बसून हजारो ओव्या हाताने उतरवून घ्यायला धाक पुरत नाही, असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं, जरूर सांगा.

असो. मनातल्या मनात वाचताना मी सारखा अडखळत होतो. शेवटी आजीच्या शेजारच्या काकूंसारखं मोठ्याने, चालीवर म्हणायला लागलो, तर अर्थ आपोआप उलगडत गेला. स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "आज कुठली पोथी काढलीत?"