टेबलावरचा लिनक्स आणि आपली मराठी



आपल्या बोरीचं नाव भूशास्त्राच्या अभ्यासात घेतलं जातं ते कुकडीच्या काठी सापडलेल्या ज्वालामुखीच्या राखेमुळे. सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची ती राख आणि तिच्या सोबतची दगडी हत्यारं यांच्या वयावरून संशोधक अनेक वर्षं वाद घालत आले आहेत. त्या इतिहासापुढे मी सांगणार आहे तो इतिहास कालचाच म्हणायचा, जेमतेम तीस-पस्तीस वर्षांचा. पण तो आपल्या डोळ्यांदेखत घडला आहे आणि आपल्या भाषेशी त्याचा जवळचा संबंध आहे. स्मरणिकेसाठी ‘तुझ्या कामाबद्दल लिही’ असा निरोप आला, तेव्हा हाच विषय निवडला.

संगणक सुरू केल्यावर जी मूळ प्रणाली सगळा कारभार सांभाळते तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. बहुतेकांच्या घरी ती विंडोज असते. लिनक्स ही तशीच दुसरी प्रणाली. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली तिचा गाभा लिहिला. त्याआधी, १९८३ मध्ये, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला होता. प्रोग्राम कोणालाही वापरता, उघडून पाहता, बदलता आणि दुसऱ्याला देता आला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. १९९६ मध्ये केडीई आणि १९९७ मध्ये ग्नोम हे प्रकल्प सुरू झाले, तेव्हा काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करण्याऐवजी माऊसने चालवता येईल असा लिनक्स सामान्य माणसाच्या टेबलावर येऊ लागला.

मी इंजिनिअरिंगला गेले तो हाच काळ. इंटरनेट सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने मिळायचं. एवढी मोठी प्रणाली डाउनलोड करणं शक्यच नव्हतं. आम्हाला लिनक्स मिळाला तो पीसीक्वेस्ट मासिकासोबत येणाऱ्या सीडींवर. एकाने अंक घ्यायचा आणि सीडी सगळ्या होस्टेलभर फिरायची. हार्डडिस्कचे भाग पाडून एका भागात विंडोज आणि दुसऱ्यात लिनक्स टाकायचा. पुढे उबुंटू आल्यावर तर पत्ता कळवला की परदेशातून फुकट सीडी टपालाने घरी यायची. २०११ पर्यंत ही सोय होती.

वापरताना मात्र घाम निघायचा. त्या वेळचे स्वस्त मोडेम आपलं बरंचसं काम विंडोजमधल्या प्रोग्रामवर ढकलत, त्यामुळे लिनक्समध्ये ते गप्प बसून राहायचे. प्रिंटर चालेल की नाही ते नशिबावर. काही लिनक्समध्ये पेटंटच्या अडचणीमुळे एमपीथ्री गाणीही वाजत नसत. त्यासाठीचा भाग वेगळा मिळवावा लागे. पण या खटाटोपात संगणक आतून कसा चालतो ते समजलं. जे बिघडलं ते उघडून बघता येत होतं. गावाकडे मोटार बंद पडली की पाना घेऊन आधी स्वतः उघडून बघणारी माणसं आपण पाहिली आहेत. हे काम त्याच जातीचं होतं.

आता मराठीचं. नव्वदच्या दशकात संगणकावर मराठी दिसायची, पण ती वरवरची होती. शिवाजीसारख्या फाँटमध्ये आतले संकेत इंग्रजी अक्षरांचेच असत आणि वर फक्त देवनागरीचं चित्र. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की सगळा मजकूर अगम्य इंग्रजी अक्षरांत दिसायचा. त्याआधीच कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं ‘जिस्ट’ तंत्रज्ञान, तसंच सर्व भारतीय लिप्यांसाठी एकच असलेला इन्स्क्रिप्ट कळफलक, अशी भक्कम पायाभरणी झाली होती. युनिकोडने प्रत्येक अक्षराला जगभर एकच संकेत दिला आणि खरी वाट मोकळी झाली.

या वाटेवर लिनक्सवाल्यांनी मोठं काम केलं. इंडलिनक्स या गटाने भारतीय भाषांतल्या लिनक्ससाठी स्वयंसेवकांना एकत्र आणलं. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे फाँट सर्वांसाठी खुले केले. ग्नोम आणि केडीईचे मेनू, सूचना, मदतीची पानं यांचं मराठी भाषांतर झालं. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक आपल्याला बाईंनी फळ्यावर लिहून शिकवला होता. संगणकाला तो शिकवायचा तर कोणीतरी त्याचे नियम बसून लिहावे लागतात. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे दाबून ‘ऱ’ येतो, मग हलन्त, मग ‘य’. आणि पडद्यावर बरोबर ‘ऱ्य’ उमटतो. मूळ प्रोग्राम खुला असल्यामुळे असं काम करायला कोणत्याही कंपनीच्या परवानगीची वाट बघावी लागली नाही. मराठीत गिऱ्हाईक किती, हा प्रश्न आडवा आला नाही.

२००७ मध्ये सी-डॅकने ‘बॉस’ ही भारतीय भाषांची सोय असलेली लिनक्स प्रणालीही आणली. तरीही टेबलावर विंडोजचंच राज्य राहिलं. दुकानातून संगणक आणला की त्यात विंडोज आधीच असतं. टॅली, ऑटोकॅड यांसारखे प्रोग्राम लिनक्ससाठी मिळत नाहीत. ज्याचा धंदा त्यावर चालतो त्याला मी लिनक्सचा आग्रह करत नाही. मी स्वतः रोजचं काम लिनक्सवर करते. आज वाय-फाय, प्रिंटर, व्हिडिओ कॉल सहसा पहिल्याच झटक्यात चालतात. पत्रं, हिशेबाचे तक्ते, सादरीकरण यांसाठी लिबर ऑफिस पुरतं.

टेबलावर मागे राहिलेला लिनक्स इतरत्र मात्र सर्वदूर पोहोचला. तुमच्या-माझ्या हातातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचाच. २०१७ पासून जगातले पहिले ५०० महासंगणक सगळे लिनक्सवर चालतात. आणि आपल्या तालुक्यातच बघा: खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना जे संकेत टिपतात, त्यांची जुळणी करण्यासाठी तिथल्या मंडळींनी लिनक्सवर चालणाऱ्या साध्या बाजारी संगणकांचा समूह उभा केला. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान प्रदर्शनाला मुलांना घेऊन जाल, तेव्हा त्यांना हेही जरूर सांगा.

हे सगळं आत्ता सांगण्याचं एक कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. घरोघरी, कचेऱ्यांत आणि शाळांत असे चालू स्थितीतले संगणक भंगारात निघतील. त्यातल्या बऱ्याच संगणकांवर हलका लिनक्स टाकला तर ते आणखी काही वर्षं उत्तम चालतील, तेही मराठी मेनूसह आणि परवान्याचा खर्च न करता. केरळच्या सरकारी शाळांनी ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पातून मुक्त सॉफ्टवेअरचा मार्ग कधीच धरला. तिथे शिक्षकांना आधी प्रशिक्षण दिलं, हे त्या यशाचं खरं कारण. नुसता संगणक देऊन भागत नाही.

म्हणून माझी एक विनंती आहे. तुमच्या ऑफिसात किंवा घरी असा संगणक पडून असेल तर विकण्याआधी मला कळवा. तपासून, लिनक्स आणि मराठी कळफलक घालून देण्याचं काम माझं. शाळेची तयारी असेल तर शिक्षकांसाठी दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस मी येऊन बसेन आणि नंतर फोनवरही मदत करेन. आपल्याला शाळेने जे फुकट दिलं त्याची किंमत कधी मोजता आली नाही. निदान जे फुकट मिळतं ते शाळेपर्यंत पोहोचवू या.