तोंडाचा कॅन्सर फुप्फुसात कसा पोहोचतो? पांढऱ्या पेशी राखणदारही, फितूरही

निपाणी : तंबाखूच्या वखारींचं गाव म्हणून निपाणीची ओळख. त्यामुळे बेळगाव-निपाणी पट्ट्यात तोंडाच्या कॅन्सरचं नाव नवीन नाही. गालाचं किंवा जिभेचं ऑपरेशन होतं, लाईटही दिली जाते. सगळं पार पडलं असं वाटत असताना तपासणीत कळतं, ‘फुप्फुसात डाग आलाय.’ घरचे विचारतात, तोंडातलं दुखणं छातीत गेलंच कसं?

हा फुप्फुसाचा कॅन्सर आहे का?

नाही. मूळ गाठीतून सुटलेल्या तोंडाच्याच पेशी फुप्फुसात वाढत असतात. म्हणून औषधंही तोंडाच्या कॅन्सरचीच दिली जातात.

फुप्फुसच का?

अंगभर फिरून आलेलं रक्त हृदयातून आधी फुप्फुसात जातं. तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांत कॅन्सरच्या पेशी अडकतात. पण अडकलेली प्रत्येक पेशी रुजत नाही. इंग्लंडचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्येच याला बी आणि मातीची उपमा दिली होती. माती मानवली तरच बी उगवतं. ही माती बिघडवण्यात किंवा घडवण्यात आपल्याच पांढऱ्या पेशींचा हात असतो.

राखणदार कोण, फितूर कोण?

नॅचरल किलर पेशी आणि टी पेशी या राखणदार. भटकी कॅन्सर पेशी ओळखून त्या तिला मारतात. मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल यांचं काम जंतू संपवण्याचं, पण गाठीच्या इशाऱ्यावर यातल्या काही फितूर होतात. उंदरांवरील प्रयोगांत मॅक्रोफेज कॅन्सर पेशीला रक्तवाहिनीतून बाहेर पडून फुप्फुसात शिरायला मदत करताना दिसल्या.

तंबाखूच्या धुराचं काय?

२०१८ मध्ये अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेच्या संशोधकांनी उंदरांना सतत तंबाखूचा धूर दिला. फुप्फुसाला सूज आली, न्यूट्रोफिलनी जंतू पकडायची जाळी टाकली. या जाळ्यांमुळे तिथे झोपून असलेल्या कॅन्सर पेशी जाग्या झाल्या आणि वाढू लागल्या. प्रयोग उंदरांवरचा असला, तरी ‘आता ऑपरेशन झालंय, एखादी बिडी ओढली तर काय होतंय’ म्हणणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.

राखणदारांना बळ देता येतं का?

येतं. कॅन्सर पेशी टी पेशींना ब्रेक लावतात. निव्होलुमॅबसारखी औषधं तो ब्रेक काढतात. पूर्ण डोस बहुतेकांना परवडत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये बरा होण्यापलीकडे गेलेल्या, डोकं-मानेच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना फक्त तोंडावाटे घ्यायची औषधं दिली. उरलेल्यांना त्यासोबत दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब, म्हणजे नेहमीच्या डोसाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात १६.३ टक्के, तर दुसऱ्या गटात ४३.४ टक्के होतं. निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. आजार पूर्ण बरा करणारं हे औषध नव्हे आणि ते सगळ्यांना लागूही पडत नाही. पण आपल्या रुग्णाला चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं.

घरच्यांनी काय पाहावं?

उपचारानंतर तीन आठवड्यांहून जास्त खोकला, थुंकीत रक्त, धाप किंवा वजन घटणं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. बेळगाव, कोल्हापूर, मिरज इथे कॅन्सरच्या उपचारांची सोय आहे. मात्र राज्य ओलांडून जाणार असाल, तर आपलं योजनेचं कार्ड तिथे चालतं का, ते आधी फोन करून विचारा.